लष्कराच्या लिलावातला ट्रक पहिल्यांदाच घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लष्कराने सेवेतून काढलेला ट्रक, वन-टन (एक टनी छोटा ट्रक) किंवा जोंगा (जीपसारखी गाडी) आयुष्यात पहिल्यांदाच घेऊ पाहणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न इंजिनाविषयी असतो, पण ज्यांचे पैसे अडकतात त्यांचे ते प्रामुख्याने कागदांमुळे अडकतात. म्हणून कागदांवरची उत्तरे जाणीवपूर्वक सविस्तर लिहिली आहेत. गाडी ठरवण्याआधी निदान प्रश्न ७, ९ आणि १० वाचावेत, ही विनंती.

१. लष्कर चालू स्थितीतले ट्रक विकते का? मग त्यात काही खोट असणारच ना?

लष्करातील प्रत्येक वाहनाला वर्षे आणि किलोमीटर या दोन्हींच्या हिशेबाने ठरलेले आयुष्य असते. ते संपले, किंवा दुरुस्तीचा खर्च परवडण्याच्या पलीकडे गेला, की वाहन सेवेतून काढले जाते. दुसऱ्या प्रकारच्या वाहनांना बीईआर म्हणतात, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुरुस्तीयोग्य न राहिलेले. त्यामुळे एकाच रांगेत दोन अगदी वेगळ्या गाड्या उभ्या असतात. एक नियमित सर्व्हिसिंग झालेली, फक्त वयाने निवृत्त झालेली असते. दुसरीचा गिअरबॉक्स आधीच दुसऱ्या गाडीला गेलेला असतो. बाहेरून दोन्ही सारख्याच हिरव्या दिसतात. विक्री ‘जसे आहे, जिथे आहे’ या तत्त्वावर होते, त्यामुळे नंतर तक्रार करण्याची सोय नसते.

२. बाजारात साधारण कोणकोणती वाहने येतात? पहिल्या गाडीसाठी कोणते घ्यावे?

रणगाडे व चिलखती वाहने ‘ए’ वर्गात, ट्रक, जीप व इतर साधी वाहने ‘बी’ वर्गात आणि बुलडोझरसारखी अभियांत्रिकी यंत्रे ‘सी’ वर्गात मोडतात. आपला संबंध ‘बी’ वर्गाशी आहे. शक्तिमान हा जर्मनीच्या एमएएन कंपनीच्या परवान्याने १९५९ पासून जबलपूरला तयार झालेला ट्रक होय. निसानच्या परवान्याने तेथेच बनलेले वन-टन आणि जोंगा यांत सहा सिलिंडरचे, जवळपास चार लिटरचे पेट्रोल इंजिन असे. त्यानंतरच्या पिढीत अशोक लेलँडचा स्टॅलियन आणि टाटाचा अडीच टनी एलपीटीए ७१३ हे दोन फोर-बाय-फोर ट्रक येतात. लहान गाड्यांत मारुती जिप्सी सर्वांत अधिक दिसते.

माझे स्पष्ट मत असे, की ज्यांनी कधीच अवजड वाहन सांभाळलेले नाही त्यांनी स्टॅलियनने सुरुवात करू नये. त्याचे एक चाक बदलायलाही दोन माणसे आणि योग्य जॅक लागतो, आणि गल्लीतल्या गॅरेजमध्ये तो मावतही नाही. ट्रकच हवा असेल तर टाटाचा अडीच टनी घ्यावा. त्याच्या कित्येक भागांची ओळख टाटाचे काम करणाऱ्या कोणत्याही जाणत्या फिटरला असते. शक्तिमानवर अनेकांचे प्रेम आहे, माझेही आहे, पण त्याचे सुटे भाग शोधणे हे वेगळेच काम होऊन बसते (प्रश्न १९ पाहा).

३. लिलाव कुठे होतो? सामान्य माणसाला बोली लावता येते का?

पूर्वी डेपोच्या आवारात जाहीर लिलाव होत. आता विक्री प्रामुख्याने ई-लिलावाने होते आणि त्यासाठी केंद्र सरकारच्या एमएसटीसी लिमिटेड या कंपनीचे संकेतस्थळ सर्वाधिक वापरले जाते. तेथे खरेदीदार म्हणून नोंदणी करावी लागते. त्यासाठी पॅन, ओळखपत्र आणि बँक खात्याचा तपशील द्यावा लागतो. प्रत्येक लिलावाची सूची आधी प्रसिद्ध होते आणि पाहणीचे दिवस ठरवून दिलेले असतात.

व्यक्तीला भाग घेता येतो की नाही, हे त्या त्या लिलावाच्या अटींवर अवलंबून असते. काही लॉट (एकत्र विकले जाणारे गट) केवळ मान्यताप्राप्त भंगार केंद्रांसाठी राखलेले असतात (प्रश्न १०). काही लॉटमध्ये अनेक गाड्या एकत्र असतात आणि एकच गाडी मागता येत नाही. सूचीतील अटींचा भाग कंटाळवाणा असला तरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा.

४. बोली लागली की तेवढीच रक्कम भरायची का?

नाही. आधी अनामत रक्कम भरावी लागते. बोली लागल्यावर तिच्यावर वस्तू व सेवा कर आणि जेथे लागू असेल तेथे उगमस्थानी गोळा होणारा आयकर चढतो. सर्वोच्च बोली लगेच मंजूर होते असेही नाही. बऱ्याचदा ती विक्रेत्या कार्यालयाच्या मंजुरीच्या अधीन राहते, आणि तोवर तुमचे पैसे अडकून पडतात. मंजुरीनंतर मुदतीत पूर्ण रक्कम न भरल्यास अनामत जप्त होते. डिलिव्हरी ऑर्डर मिळाल्यावर ठरलेल्या दिवसांत गाडी न उचलल्यास जागाभाडे सुरू होते.

त्यानंतरचा खर्च म्हणजे वाहतूक, टायर, बॅटऱ्या, ब्रेक, रंग, विमा, कर आणि पासिंग. बोलीसाठी ठरवलेल्या रकमेइतकीच आणखी रक्कम बाजूला असल्याशिवाय पहिल्या खरेदीत उतरू नये, असे मी प्रत्येकाला सांगतो. टायरांचा पूर्ण संच घ्यायचा झाला तर या सल्ल्याचे कारण लगेच पटते.

५. थेट लिलावातून घ्यावी की व्यापाऱ्याकडून?

लॉट मोठे असल्याने एक-दोन गाड्या घेणारा माणूस शेवटी व्यापाऱ्याकडेच वळतो. दिल्लीचे मायापुरी आणि हरियाणातील मंडी डबवाली ही या व्यवहारातली ठाऊक असलेली नावे आहेत. व्यापाऱ्याकडे गाडी चालवून पाहता येते आणि निवड करता येते, ही मोठी सोय आहे. मात्र तेथे दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. पहिली म्हणजे मूळ सेल सर्टिफिकेट (प्रश्न ७) कोणाच्या नावावर आहे. दुसरी म्हणजे समोर दिसणारी गाडी एकाच गाडीची आहे, की तीन गाड्यांचे भाग जुळवून उभी केलेली आहे. जुळवलेली गाडी चालायला उत्तमही असू शकते, परंतु तिचे इंजिन आणि चॅसिस एकाच कागदावर नसेल तर ती तुमच्या नावावर होणार नाही.

६. माजी सैनिकांना काही वेगळी सोय आहे का?

आहे. सेवेतून काढलेली ‘क्लास फाइव्ह-बी’ गटातील वाहने माजी सैनिकांना, तसेच सेवेत असताना मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या पत्नींना देण्याची योजना पुनर्वसन महासंचालनालयामार्फत राबवली जाते. महाराष्ट्रात याची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करावी. घरात कोणी पात्र असेल तर लिलावात उतरण्यापूर्वी हा मार्ग अवश्य पाहावा. मात्र पात्र व्यक्तीच्या नावाचा नुसता वापर करून दुसऱ्यानेच गाडी घेणे हा योजनेचा गैरवापर आहे, आणि पुढे मालकीचा वाद झाला तर कागद त्या व्यक्तीच्याच बाजूने बोलतो.

७. सर्वांत महत्त्वाचा कागद कोणता? त्यात नेमके काय पाहायचे?

मूळ सेल सर्टिफिकेट, म्हणजे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नमुना २१. नवी गाडी घेताना तो विक्रेता देतो. लष्करी लिलावातील गाडीसाठी तो संरक्षण विभागाच्या अधिकाऱ्याने द्यायचा असतो, आणि नियम ४७ नुसार नोंदणीच्या अर्जासोबत त्याची मूळ प्रत जोडावी लागते. छायाप्रतीवर, कितीही शिक्के असले तरी, पैसे देऊ नयेत.

या नमुन्यात चॅसिस क्रमांक, इंजिन क्रमांक, उत्पादनाचा महिना व वर्ष, सिलिंडरांची संख्या, इंधन, आसनसंख्या, रिकाम्या गाडीचे वजन, एकूण भारासह वजन, टायरांचे माप, रंग आणि बॉडीचा प्रकार असे रकाने असतात. लष्करी गाड्यांच्या बाबतीत यांपैकी वजनाचे रकाने कधी कोरे राहिलेले दिसतात. कोरा रकाना पासिंगच्या टेबलावर हमखास अडतो. त्याची दुरुस्ती फक्त देणाऱ्या कार्यालयाकडूनच होऊ शकते, आणि ते कार्यालय शेकडो किलोमीटर दूर असते. म्हणून डेपोतून बाहेर पडण्यापूर्वीच तो कागद रकान्यागणिक वाचून घ्यावा.

क्रमांक पडताळण्याची पद्धत साधी आहे, पण ती स्वतःच्या हातांनी करावी. चॅसिसच्या पट्टीवरचा रंग आणि गंज रॉकेलच्या फडक्याने व बारीक तारेच्या ब्रशने हलकेच काढावा, घासणीने खरवडू नये. पातळ कागद घट्ट चिकटवून त्यावर मऊ पेन्सिल आडवी फिरवली की क्रमांकाचा ठसा उमटतो. यालाच पेन्सिल प्रिंट म्हणतात. ठशातले आकडे एका ओळीत, सारख्या खोलीचे आणि सारख्या अंतराचे आले पाहिजेत. एखादा आकडा खोल, एखादा तिरका आणि भोवतालचे लोखंड ग्राइंडरने घासून चकचकीत केलेले दिसले, तर गाडी कितीही आवडली असली तरी तेथून निघावे.

८. डेपोतून गाडी चालवत घरी आणता येईल का?

बहुधा नाही. लष्करी वाहनाची नोंदणी मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ६० खाली संरक्षण खात्याच्या प्राधिकरणाकडे असते. वाहन सरकारी मालकीतून बाहेर पडताच, त्याच कलमाच्या पोटकलम ३ नुसार, त्याला सर्वसामान्य नोंदणीचे नियम लागू होतात. म्हणजे गेटबाहेर आलेली गाडी त्या क्षणी नोंदणी नसलेली असते, आणि तिचा जुना बाणाचा क्रमांक (बाणाची खूण असलेला लष्करी क्रमांक) वापरता येत नाही. कलम ४३ खाली तात्पुरत्या नोंदणीची तरतूद आहे, पण कित्येक महिने उभ्या असलेल्या गाडीचे ब्रेक आणि टायर पाहता, लो-बेड ट्रेलरचा खर्च करणे हेच शहाणपणाचे आहे. सेल सर्टिफिकेट, डिलिव्हरी ऑर्डर आणि गेटपास यांच्या प्रती ट्रेलरच्या चालकाजवळ द्याव्यात.

९. आपल्या आरटीओत नोंदणी कशी होते?

कलम ४० नुसार तुम्ही जेथे राहता किंवा गाडी जेथे ठेवली जाते, त्या राज्यातील कोणत्याही नोंदणी कार्यालयात नमुना २० मध्ये अर्ज करावा लागतो. सोबत मूळ सेल सर्टिफिकेट, विमा, पत्त्याचा व ओळखीचा पुरावा, पेन्सिल प्रिंट आणि पैसे भरल्याच्या पावत्या द्याव्या लागतात. मोटार वाहन निरीक्षक गाडी प्रत्यक्ष पाहतात. त्यांच्यासमोर गाडी नेण्यापूर्वी रंग बदललेला (प्रश्न १३), लष्करी खुणा काढलेल्या (प्रश्न १४) आणि दिवे, इंडिकेटर, हॉर्न, रिफ्लेक्टर पट्ट्या जागेवर असाव्यात.

येथे क्रम फार महत्त्वाचा आहे. बोली लावण्यापूर्वीच आपल्या आरटीओत जाऊन, त्या मॉडेलचे व त्या उत्पादन वर्षाचे नाव सांगून, ‘याची पहिली नोंदणी आपल्याकडे होईल का’ असे लेखी विचारावे. माहिती तोंडी मिळते, पण उत्तर देणारे अधिकारी बदलतात. मालवाहू म्हणून नोंदणी झाली तर योग्यता प्रमाणपत्रही लागते. आठ वर्षांपेक्षा जुन्या वाहनासाठी ते दरवर्षी घ्यावे लागते, आणि लष्करातून येणारे बहुतेक ट्रक ही मर्यादा ओलांडूनच येतात.

१०. पंधरा वर्षांच्या नियमामुळे आता अशा गाड्या मिळणे बंद झाले का?

बंद झालेले नाही, पण दार बरेच अरुंद झाले आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये नियम ५२अ आणला आणि तो १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. त्यानुसार केंद्र, राज्ये, महामंडळे यांच्या वाहनांच्या नोंदणीचे १५ वर्षांनंतर नूतनीकरण होत नाही, आणि अशी वाहने नोंदणीकृत भंगार केंद्रातच मोडीत काढावी लागतात. देशाच्या संरक्षणासाठी व अंतर्गत सुरक्षेसाठी प्रत्यक्ष कारवाईत वापरली जाणारी चिलखती व इतर विशेष वाहने यातून वगळली आहेत. तथापि साधा ट्रक त्या व्याख्येत बसतो असे गृहीत धरू नये.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की सूचीत दिसणारी गाडी रस्त्यावर चालवण्यासाठी विकली जात आहे की केवळ मोडीसाठी, हे लॉटच्या अटींत पाहणे अनिवार्य झाले आहे. मोडीसाठी विकलेल्या गाडीवर ‘नंतर कागद करून देतो’ असे कोणी म्हणाले, तर तो कागद खरा असू शकत नाही. या नियमातली पंधरा वर्षे वाहनाच्या पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून मोजली जातात. सेल सर्टिफिकेट आजचे आहे म्हणून गाडी तरुण ठरत नाही.

११. ट्रक स्वतःच्या हौसेसाठी आहे, धंद्यासाठी नाही. मग खासगी म्हणून नोंदणी होईल का?

हौद असलेला ट्रक माल वाहण्यासाठी बनवलेला असतो, त्यामुळे तुम्ही त्यातून एक पोतेही वाहिले नाही तरी कायद्याच्या दृष्टीने तो मालवाहू वाहनच राहतो. मालकाचा हेतू नोंदवण्यासाठी अर्जात वेगळा रकाना नसतो.

खासगी वापराची कॅम्पर व्हॅन मात्र २००४ च्या केंद्रीय अधिसूचनेत खासगी, म्हणजे बिगर-परिवहन, वाहनांच्या यादीत आहे. त्यामुळे अनेकांना लष्करी ट्रकवर राहण्याची खोली बांधण्याचा मोह होतो. कल्पना सुंदर आहे. अडचण अशी, की मोटार कॅरव्हॅनसाठी एआयएस १२४ हे स्वतंत्र मानक आहे, आणि त्याची मान्यता नियम १२६ मधील चाचणी संस्थांकडून घ्यावी लागते. पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई या त्यांपैकीच आहेत. एका सुट्या, जुन्या गाडीसाठी हा मार्ग खर्चिक आणि लांबचा आहे. महाराष्ट्राचे कॅरव्हॅन पर्यटन धोरण आले म्हणून घरी वेल्डिंग केलेली खोली आपोआप मान्य होत नाही.

१२. माझ्याकडे कारचे लायसन्स आहे. ते पुरेल का?

गाडीच्या एकूण भारासह वजनावर ते ठरते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले, की हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाचे मालवाहू वाहन चालवता येते. त्यापुढे परिवहन वाहनाचे लायसन्स हवे. त्यासाठी वय किमान २० वर्षे असावे लागते, आणि हलक्या वाहनाचे लायसन्स निदान एक वर्ष आधीपासून असावे लागते. स्टॅलियन या मर्यादेच्या बराच वर आहे. इतर गाड्यांसाठी अंदाज करू नये, सेल सर्टिफिकेटवरचा आकडा पाहावा. तो तेथे नसेल तर प्रश्न ७ मधली अडचण तुमच्याही वाट्याला आलेली आहे.

१३. मूळ हिरवा रंग ठेवता येईल का? त्याच्यासाठीच तर गाडी घेतोय.

नाही. नियम १२१ नुसार संरक्षण विभागाच्या वाहनांखेरीज कोणत्याही मोटार वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. ‘थोडा गडद’ किंवा ‘मॅटऐवजी चकाकी असलेला’ अशी पळवाट शोधण्यात अर्थ नाही. नाक्यावरचा पोलीस रंगाचा क्रमांक तपासत नाही, त्याला गाडी लष्करी वाटली की तो थांबवणारच, आणि त्याने तसे करणे योग्यच आहे. राखाडी, वाळूसारखा फिकट, मरून किंवा पांढरा असा उघड वेगळा रंग निवडावा. हौदाच्या आतली बाजू, बॉनेटखालचा भाग आणि दारांच्या कडाही रंगवून घ्याव्यात. रंग आरसीत नोंदला जातो, म्हणून पासिंगपूर्वीच तो पक्का करावा.

१४. बाणाचा क्रमांक, युनिटच्या खुणा, मागचा छोटा दिवा यांचे काय करायचे?

बाणाची पाटी आणि युनिट किंवा फॉर्मेशनची चिन्हे पूर्णपणे काढावीत. वरून रंग मारला की पावसाळ्यानंतर ती पुन्हा डोकावतात, म्हणून घासून काढून मगच प्रायमर द्यावा. ज्या चिन्हांखाली माणसांनी सेवा केली, ती बाजारातल्या स्टिकरसारखी मिरवण्याची वस्तू नव्हे, असे मला मनापासून वाटते, आणि सुरक्षेचा प्रश्न तर आहेच.

मागच्या हाउसिंगवर (मागच्या चाकांमधल्या ॲक्सलच्या गोल भागावर) पांढरा रंग आणि त्याच्यावर उजेड टाकणारा लहान दिवा दिसतो. रात्री दिवे मालवून चालणाऱ्या ताफ्यात मागच्या चालकाला पुढची गाडी कळावी, यासाठी ती सोय असते. तिचा स्विच नेहमीच्या दिव्यांच्या स्विचशी जोडलेला असू शकतो. चुकून त्या स्थितीत राहिला, तर तुमचे नेहमीचे टेललॅम्प आणि ब्रेकलाइट लागणारच नाहीत. वायरिंग नीट समजून घेऊन ही जोडणी कायमची बंद करावी.

१५. कोणते बदल करता येतात आणि कोणते नाहीत?

कलम ५२ चा आशय असा, की आरसीत नोंदलेला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले. कलम १८२अ च्या पोटकलम ४ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. दंड प्रत्येक बदलासाठी आहे, हे लक्षात ठेवावे.

म्हणून चॅसिस कापणे वा लांबवणे, टपाची उंची वाढवणे, हौदावर पाण्याची टाकी किंवा क्रेन बसवणे, मूळ मापापेक्षा मोठी चाके लावणे, पुढे भक्कम लोखंडी बंपर बसवणे हे सर्व टाळावे. ट्रकच्या बॉडीसाठी एआयएस ०९३ हे मानक आहे, आणि नवा हौद बांधायचाच असेल तर ते पाळणारा मान्यताप्राप्त बॉडी बिल्डर गाठावा.

याउलट मूळ मापाच्या हौदाची फळी बदलणे, फाळक्याच्या बिजागऱ्या नव्या करणे, नवी ताडपत्री, आसनांची दुरुस्ती, केबिनला उष्णतारोधक अस्तर, ब्रेकच्या नळ्या, वायरिंगचे नूतनीकरण ही कामे निर्धास्त करावीत. बहुतेक लष्करी ट्रकांत २४ व्होल्टची विद्युतप्रणाली असते. बाजारातला मोबाइल चार्जर किंवा १२ व्होल्टचा पंखा थेट जोडू नये आणि दोनपैकी एकाच बॅटरीवरून तार काढू नये, कारण दोन्ही बॅटऱ्या असमान उतरून लवकर खराब होतात. योग्य कन्व्हर्टर बसवावा.

माझा सल्ला असा, की पहिले वर्षभर गाडी निर्मात्याने दिली तशीच चालवावी. हे ट्रक चिखल, चढ आणि भार यांसाठी फार विचारपूर्वक बनवलेले असतात. त्यांच्यात बदल करण्याची गरज आपल्याला वाटते, त्यापेक्षा बरीच कमी असते.

१६. जोंगा किंवा वन-टनला पेट्रोल परवडत नाही. डिझेल इंजिन बसवू का?

मोठ्या पेट्रोल इंजिनाची भूक खरी आहे आणि अनेक गाड्यांत दुसरी इंजिने बसवलेली दिसतात. परंतु इंधनाचा प्रकार बदलणे हा कलम ५२ च्या कक्षेतला बदल आहे. तो विहित अटी आणि नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता यांशिवाय करता येत नाही. त्याच प्रकारचे दुसरे इंजिन बसवायचे असले तरी खरेदीची पावती ठेवून आरसीवर नवा क्रमांक चढवावा लागतो. आधीच इंजिन बदललेली गाडी विकत घेत असाल, तर आरसीवर कोणते इंधन लिहिले आहे ते प्रथम पाहावे. न जुळणाऱ्या इंजिनाच्या गाडीला अपघात झाला, तर विम्याचा दावा मंजूर होण्याची आशा धरू नये.

१७. गाडी घरी आल्यावर आधी कोणती कामे करावीत?

इंजिन सुरू करण्याची घाई करू नये. आधी सगळी तेले तपासावीत. मागच्या हाउसिंगचा खालचा बोल्ट सैल करून थोडे तेल बाटलीत घ्यावे. ते दुधाच्या चहासारखे दिसले, तर आत पाणी गेलेले आहे. ओढ्यातून गेलेल्या गाडीच्या हाउसिंगची श्वासनळी मातीने बुजली की सीलमधून पाणी आत ओढले जाते, आणि नुसते तेल बदलून भागत नाही. बेअरिंग उघडून पाहावी लागतात.

त्यानंतर रबर. ब्रेकच्या नळ्या, व्हील सिलिंडरचे वॉशर, रेडिएटरचे होज आणि पट्टे हे सर्व चांगले दिसत असले तरी बदलावे. डिझेलची टाकी उतरवून धुवावी, नाहीतर तळाचा गंज पंपापर्यंत पोहोचतो. टायरच्या बाजूवर उत्पादनाचा आठवडा व वर्ष सांगणारा चार अंकी क्रमांक असतो. नक्षी भरपूर असली तरी जुन्या टायरवर महामार्गाचा वेग घेऊ नये.

एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे. अनेक ट्रकांच्या चाकांच्या डिस्कला टायर जागेवर धरणारी लोखंडी लॉक-रिंग असते. ती गंजलेली किंवा नीट न बसलेली असताना हवा भरली, तर ती प्रचंड वेगाने उडते. हे काम घरी कधीही करू नये. पिंजरा असलेल्या टायरवाल्याकडेच करावे, आणि हवा भरताना समोर कोणीही उभे राहू नये.

१८. फोर-व्हील नेहमी लावून ठेवली तर पकड चांगली मिळते ना?

कोरड्या डांबरी रस्त्यावर नाही. ज्या गाड्यांत पुढची चाके हवी तेव्हाच जोडली जातात, त्यांच्या ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीत) पुढच्या व मागच्या चाकांतला वेगाचा फरक सामावणारी रचना नसते. वळणावर ताण साठत जातो आणि तो क्रॉस, शाफ्ट किंवा गिअरवर निघतो. चिखल, वाळू, ओले गवत येथेच फोर-व्हील लावावी. महिन्यातून एकदा मातीच्या मैदानात थोडे अंतर ती वापरावी, म्हणजे जोडणी जाम होत नाही.

१९. सुटे भाग कुठे मिळतात?

टाटा व अशोक लेलँडचे बरेच भाग नेहमीच्या दुकानांत मिळतात. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि पुण्यात नाना पेठ येथे नमुना हातात घेऊन फिरल्यास पुष्कळ काम होते. शक्तिमान, वन-टन आणि जोंगासाठी मात्र उत्तरेतील व्यापारी किंवा दुसरी मोडीची गाडी हाच आधार उरतो. जुना भाग टाकून देऊ नये, लेथवाल्याला त्यावरूनच नवा करता येतो. लष्करी शिक्क्याचा नवा कोरा भाग कोणी पावतीशिवाय देत असेल तर घेऊ नये. तो चोरीचा असण्याची शक्यता असते.

२०. परराज्यात पासिंग झालेली लष्करी गाडी मिळते आहे. ती घेणे सोपे नाही का?

पहिली नोंदणी होऊन गेलेली असल्याने एक मोठी पायरी वाचते. तरीही मूळ कार्यालयाचे नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र लागते. बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची तर महाराष्ट्राचा क्रमांक घेऊन येथील कर भरावा लागतो. ती गाडी ‘वाहन’ या ऑनलाइन प्रणालीत दिसते का, हे प्रथम पाहावे. दिसत नसेल तर जुनी नोंद चढवण्याचे काम विक्रेत्याकडून पूर्ण करून घ्यावे आणि तोवर पूर्ण रक्कम देऊ नये. मूळ सेल सर्टिफिकेटची प्रतही मागावी. नुसत्या आरसी बुकावरून गाडी खरोखर लष्करातूनच आली होती, हे सिद्ध होत नाही.

२१. ट्रक फक्त शेतातच वापरणार आहे. मग नोंदणी कशाला?

कलम ३९ मध्ये ‘सार्वजनिक ठिकाणी’ याच्या जोडीला ‘किंवा अन्य कोणत्याही ठिकाणी’ असेही शब्द आहेत, त्यामुळे ‘माझ्या बांधाच्या आत’ हा बचाव मानला जातो तितका भक्कम नाही. केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात चालवण्यासाठी खास बनवलेली वाहने मोटार वाहनाच्या व्याख्येतून वगळली आहेत, पण रस्त्यावर धावण्यासाठी बनवलेला ट्रक त्यात बसत नाही. शिवाय दोन शेतांमधला पाणंद रस्ता ओलांडतानाच अपघात झाला, तर विमा नसलेल्या गाडीची भरपाई मालकाच्या सातबाऱ्यावर येते.

२२. गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी आहे. व्हिंटेज म्हणून नोंदणी होईल का?

जुलै २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या आणि मूळ रूपात जपलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. शुल्क २०,००० रुपये असून नोंदणी दहा वर्षे टिकते. अशी गाडी प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, देखभाल व इंधन भरणे यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरासाठी नाही. सत्तरीच्या दशकारंभीची, इंजिन न बदललेली जोंगा यात बसू शकते. मालवाहू ट्रकाला ‘खासगी वापराची’ ही अट अडते (प्रश्न ११). पहिली नोंदणी लष्कराकडे झालेली असल्याने तिच्या तारखेचा पुरावा सेल सर्टिफिकेटवरूनच उभा करावा लागतो.

२३. अमेरिकन लष्कराचा जुना ट्रक मागवता येईल का?

वापरलेल्या वाहनाच्या आयातीसाठी ते तीन वर्षांपेक्षा जुने नसावे आणि स्टिअरिंग उजवीकडे असावे, या मूलभूत अटी आहेत. तेथे लिलावात निघणारे डावीकडच्या स्टिअरिंगचे, कित्येक दशके जुने ट्रक या दोन्ही अटींवर नापास होतात. ‘सुटे भाग’ म्हणून वेगवेगळ्या पेट्यांत मागवून येथे जोडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. जोडलेल्या गाडीला नोंदणीसाठी लागणारा एकही मूळ कागद त्या पेट्यांबरोबर येत नाही.